आवाजावरून

बाबा,

टेनपिन बोलिंगचा माझा पहिला व्यावसायिक हंगाम आज संपला. नववी आले. हे पत्र टाकणार नाहीये, पण एक विचारायचंच आहे.

चेंडू सोडला की दहा पिना पडायच्या आधीच तुम्ही पाठ फिरवायचात. मला वाटायचं, काय हा तोरा! यंदा मीही तसंच करून पाहिलं. प्रशिक्षक ओरडले, "शहाणे, समोर बघ!" पण पाचव्या स्पर्धेपर्यंत मला नुसत्या आवाजावरून कळायला लागलं, सगळ्या पडल्या की एखादी उभी राहिली.

घर सोडून गेलात, तेव्हाही वळून पाहिलं नाहीत. दार लागल्याचा आवाज झाला नव्हता, कारण ते धरून मी उभी होते. कळलं होतं का हो तुम्हाला?

तुमची ठमी