बाबांच्या फोटोचा खिळा

तीर्थरूप आईस धाकटीचा नमस्कार.

हॉस्पिटलच्या लाँड्रीत कायम करण्याआधी माझं रक्त तपासलं, त्यात हिपॅटायटिस बी निघाला. घाबरू नकोस, मी ठणठणीत आहे. चादरींच्या घड्या घालताना हात उगाच उजव्या बरगडीखाली जातो, तेवढंच.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दारूचा थेंब न घेणाऱ्याचंही यकृत हा विषाणू वर्षानुवर्षं गुपचूप पोखरतो आणि तिथे कॅन्सर होऊ शकतो. बाबा यकृताच्या कॅन्सरनंच गेले, त्यांचं तेच झालं असणार. माझं मी होऊ देणार नाही. गोळ्या चालू आहेत, दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी.

तू आणि दादाही रक्त तपासून घ्या. त्याच्या बाळाला लस दिली ना?

काका "दारूनं गेला" म्हणत राहिले आणि आपण बाबांचा फोटो कपाटात ठेवला. तो काढ, दारासमोरच्या भिंतीवर लाव. खिळा काकांनाच ठोकायला सांग.

तुझी आणि बाबांची,
धाकटी