बॅले, बैल आणि र.डॉ.

११ जानेवारी १९९८
आज परत दाखवायचा कार्यक्रम. मुलगा रशियात डॉक्टरी शिकून आलाय. सहा वर्षं तिकडे, आता राजारामपुरीत दवाखाना. इथून पुढे र.डॉ., म्हणजे रशियन डॉक्टर. नाव लिहीत नाही, वहिनी वही उघडते.

पोहे झाले, चहा झाला. स्वयंपाक येतो का, कुणी विचारलं नाही. र.डॉ.नं एकच प्रश्न विचारला.
"तुम्ही बॅले ऐकता का?"
माझ्या आधी आबाच बोलले. "हायत की! शाहूवाडीला, धाकट्या भावाकडं. खिलारी जोडी हाय."
दादा भिंतीकडे तोंड करून खोकत राहिला. र.डॉ. जरासुद्धा हसला नाही. हसला असता तर मी आजच हो म्हणाले असते, खरं.

१३ जाने.
र.डॉ.च्या आईबरोबर कॅसेट आली. वर त्याच्या अक्षरात, "बॅले संगीत, नवख्यांसाठी". खाली क्रम. आधी हंसांचं, मग मिठाईच्या राज्यातलं, मग बाहुल्यांचं. रविवारी फोन करणार म्हणे, कसं वाटलं विचारायला.
आई म्हणाली, "आमच्यात पत्रिका बघत न्हाईत म्हणून सुखात हुतो. आता कॅसेट जुळवा."

१५ जाने.
क्लासवरून लवकर आले. बारावीची पोरं ताळेबंदात अडकलीत, ताळेबंद जुळत नाही, माझं डोकं जुळत नाही.
हंसांचं ऐकलं. सुरुवातीला एकच वाद्य, सनईच्या लांबच्या बहिणीसारखं, सर्दी झालेलं. मग खालून सगळी वाद्यं उठतात आणि अंगावर येतात. आई भाकरी थापता थापता थांबली. "कुणाचं तर वाईट झालंय वाटतं." परत थापायला लागली.
मी उलटी फिरवून परत लावली. काटा आला अंगावर. हे कुणाला सांगायचं नाही. सांगितलं तर घरात होकार समजतील.

१८ जाने.
फोन आला. सगळं घर फोनच्या आसपास काहीतरी शोधत होतं. आबा तर चष्मा शोधत होते, डोळ्यांवर घालून.
"जयभीम. ऐकलंत? काय दिसलं?"
"रंकाळा. दिवेलागणीचा. पाण्यावर बदकं."
"हंस आहेत ते. बदकं नव्हेत."
"रंकाळ्यात हंस न्हाईत."
मग गोष्ट सांगायला लागला. राजकन्या, शाप, जादूगार.
म्हटलं, "हे कॅसेटनं सांगितलं न्हाई. मी फक्त ऐकलो."
"ऐकलो?"
(कोल्हापूरच्या पोरी असंच बोलतात हे सहा वर्षांत विसरला असावा.)
ठेवताना म्हणाला, "मिठाईचं ऐका. ते सोपं आहे."
सोपं! मी पण पोरांना असंच म्हणते. म्हणून ती माझ्यावर चिडतात काय?

२४ जाने.
मिठाईचं. यात एक वाद्य आहे, काचेच्या बांगड्या कुणी अलगद एकमेकींवर ठेवाव्यात तसं वाजतं. नाव माहीत नाही, विचारणार पण नाही.
त्याच्या पुढचं आबांनी पकडलंय. रोज चहाच्या वेळी, "ते ठुमकत चालल्यालं लाव." एक-दोन-तीन, एक-दोन-तीन असं जातं. आबा खुर्चीच्या हातावर ठेका धरतात आणि दरवेळी चौथा मारतात. मग म्हणतात, "चुकत्यात की गं हे लोक."

८ फेब्रुवारी
वहिनीचं डोहाळजेवण. जे झालं ते झालं, लिहून ठेवते.
वहिनी झोपाळ्यावर, हिरवी साडी, फुलांचे दागिने. दादाला सांगितलेलं, डोहाळ्याच्या गाण्यांची कॅसेट लाव. त्यानं लावली र.डॉ.ची, आणि ती पण हंसांच्या शेवटाला. एकदम ढोल, पितळी वाद्यं, घर हादरलं. आत्या ओरडल्या, "अरं बंद करा! पोटातलं दचकंल!" दादानं घाबरून पुढं पळवली ती नेमकी आबांच्या ठुमकत्यावर थांबली.
मग आत्या उठल्या, पदर खोचला, वहिनीच्या आईचे हात धरले. तिनाच्या ठेक्यात फुगडी बसत नाही. त्यांनी बसवली. बघता बघता चार-पाच जोड्या. वहिनी पोट धरून हसतेय.
आणि दारात र.डॉ. आईला सोडायला आलेला.
"याच्यावर... याच्यावर फुगडी घालत नाहीत."
"मग काय घालतात?"
"शांत बसून ऐकतात."
"बसून? मग तिकडं ते काय करत्यात, नाचतातच की!"
एवढ्या बायकांत मी मोठ्यानं बोलले. त्याचे कान लाल झाले. गेला निघून. त्याची आई मात्र राहिली. चप्पल कोपऱ्यात सारली आणि म्हणाली, "आत्याबाई, एक हात मोकळा हाय का?"

११ फेब्रु.
र.डॉ.चा फोन नाही. आबांनी दुसरं स्थळ काढलंय, पन्हाळ्याचं, तहसील कचेरीत. "सरळ पोरगं हाय. गाणं-बिणं काय ऐकत न्हाई." हे गुणांत सांगितलं.
मी कॅसेट परत द्यायला पिशवीत ठेवली. मग म्हटलं एकदा बाहुल्यांचं राहिलंय तेवढं ऐकू. मग काय, सगळीच.

१५ फेब्रु.
र.डॉ. आला. एकटा, न कळवता. आई आत पळाली साडी बदलायला.
म्हणाला, "परवा मी चुकलो. मला बोलायचा अधिकारच नव्हता. बॅले मी एकदाच बघितला. बाहेर बर्फ, आत ऊब. पडदा वर गेला आणि मला झोप लागली. उठलो तेव्हा लोक टाळ्या वाजवत होते."
"आणि ते हंस?"
"पुस्तकात वाचले."
मग सांगितलं. पहिल्या हिवाळ्यात भाषा येत नव्हती. भिंतीपलीकडे घरमालकीण हे लावायची. हा भिंतीला पाठ लावून बसायचा. कुणीतरी बोलतंय आपल्याशी, असं वाटायचं.
विचारलं, "तेव्हा काय दिसायचं?"
म्हणाला, "इथलं. आई, आमची गल्ली, स्टँडवरचा कालवा, गलका. आता इथं ऐकतो तर ती भिंत दिसते. जिथं असतो तिथलं दिसतच नाही मला."
मी परत चहा ठेवला, आधीचा तसाच असताना.
आबा बाहेर आले. "डॉक्टर, ते ठुमकत्यालं लावू का? त्यात एक चूक हाय, दावतो तुमाला."
आबांनी चौथा ठोका मारून दाखवला. र.डॉ. हसला. चांगला मोठ्यानं हसतो की. दात पण नीट आहेत.

२८ फेब्रु.
मुंबईत रशियाहून नाचणारी मंडळी येणार आहेत. र.डॉ.नं निरोप धाडला, याल का? त्याची आई, आबा, सगळे मिळून जाऊ.
आई म्हणाली, "लगीन करून जावा की, काय ते बघा."
मी स्वतः दवाखान्यात गेले. बाहेर बाकावर पेशंट, मी पण नंबर लावून बसले. आत गेल्यावर त्यानं सवयीनं "काय होतंय?" विचारलं.
म्हटलं, "मुंबईला येतो. लग्नाचं मात्र तिथनं आल्यावर सांगतो."
"आणि नाही आवडलं तर?"
"नाच, का तुम्ही?"
बाहेरच्या आजीबाई खोकायच्या थांबल्या. मी उत्तराला थांबले नाही.

६ मार्च
उद्या निघायचं. दादानं जीप ठरवली. आत्यांना कळलं, त्या पण येणार. पन्हाळ्याच्या लोकांना आईनं हो म्हणून कळवलेलं नाही, नाही म्हणून पण नाही.
निळी साडी काढली. वहिनी म्हणाली, "एवढी चांगली नेसलात तर तो होकारच समजणार."
आत ठेवली.
परत काढली.