घंटावाल्या रूपर्टचा पंथ

अपोलोनियाताई,

लूथरचा पंथ चोरून पाळतेस म्हणून महाराणीने तुला दूर ट्रान्सिल्व्हानियात हद्दपार केलं आणि तिच्याच लेकाने, नव्या बादशहाने, आता आम्हाला उघडपणे लूथरपंथी राहायची मोकळीक दिली. प्रार्थनाघरही बांधा म्हणतात, फक्त घंटा आणि मनोरा नको.

गेल्या आठवड्यात गावात अधिकाऱ्यासमोर एकेकाने आपला पंथ सांगायचा होता. मी सांगून वळले, तर मागे रूपर्ट उभा! कॅथलिक चर्चचा घंटावाला रूपर्ट, ज्याने तुझ्या पिठाच्या पेटीत लपवलेलं लूथरचं बायबल पाद्रीबुवांना दाखवलं होतं.

"लूथरपंथी," तो म्हणाला. "जन्मापासून."

बाहेर येताच मी त्याचा दंड धरला. "मग माझ्या बहिणीला का पकडून दिलंस रे मेल्या?"

"पाद्रीबुवांना माझाच संशय आला होता, गेरट्राउड. मी घाबरलो." मग खाली बघत म्हणाला, "ती बरी आहे ना?"

तुझी दोन्ही लेकरं ट्रान्सिल्व्हानियाच्या वाटेवरच दगावली, हे मी त्याला सांगितलं. तो चिखलात मटकन खाली बसला.

आज कोठारात पहिली प्रार्थना झाली. रूपर्ट माझ्या बाकापाशी येऊन उभा राहिला. कुणीच त्याला बसायला सांगेना. मी सरकून जागा दिली, ताई. का दिली, मला अजून कळत नाही. म्हणून हे पत्र तुझ्याकडे धाडायला हात धजत नाही.

तुझी धाकटी,
गेरट्राउड