माझ्या नावच्या सागाच्या फळ्या

मी, गुणवंत शहाजी पांचाळ, वय एकवीस, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षातून कॉलेज सोडलेला, सध्या फौजेत शिपाई, हे लिहितो तेव्हा माझं डोकं ठिकाणावर आहे. नेहमी नसतं, हे घरच्यांना माहीत आहे. परवा आमची पलटण सरहद्दीकडे निघते. म्हणून माझ्यामागे कुणाला काय द्यायचं, ते आजच लिहून ठेवतो.

१. दिल्लीतल्या पंचकुइयां रोडवरच्या आमच्या फर्निचरच्या दुकानातला, ‘पांचाळ अँड सन्स’मधला, माझा हिस्सा बहीण चंद्रप्रभा हिला द्यावा. आमच्या अण्णासाहेब आजोबांनी हे दुकान, गोऱ्या साहेबांनी जाताना लिलावात काढलेल्या मोडक्या खुर्च्या जोडून उभं केलं. तेही एक खिळा न मारता. त्यांचा पॉलिशचा हात फक्त चंद्रप्रभात उतरलाय. “हे मुलींचं काम नाही,” असं भाऊंनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पुन्हा म्हणू नये. आणि नवी खुर्ची चहाच्या पाण्याने काळी करून जुनी म्हणून विकू नये. भाऊंनी एकदा विकली आहे. मी विसरलेलो नाही.

२. आजोबांच्या पटाश्या आणि लहान रंधा माझ्या ट्रंकेत आहेत. न विचारता आणले होते. ते भाऊंचे.

३. आता खरी गोष्ट. आमच्यात मूल जन्मलं की त्याच्या नावाने सागवानाच्या फळ्या घेऊन वाळत ठेवतात. लग्न ठरलं की त्यांचंच कपाट करतात. त्याआधी करवत लावत नाहीत. मी लावली. गेल्या वर्षी जानेवारीत, कॉलेजातल्या कुमुदसाठी, कुणाला एका शब्दाने न सांगता. तिला पुस्तकं ठेवायला जागा नव्हती, एवढंच मनात होतं. नाही, एवढंच नव्हतं.

भाऊंनी कापलेल्या फळ्या पाहिल्या आणि समजले, पोराचं ठरलं. चंद्रप्रभाकडून नाव-पत्ता काढला, पेढे घेतले आणि थेट सरोजिनी नगरात कुमुदच्या क्वार्टरवर पोचले. तिचे वडील सरकारी अधिकारी. दारातच म्हणाले, “आम्ही कसलीही ऑर्डर दिलेली नाही.”

भाऊ पुडा तसाच घेऊन परतले. मी उलट त्यांच्यावरच ओरडलो. दुसऱ्या दिवशी बसस्टॉपवर कुमुद म्हणाली, “तुझ्या बाबांना माहीत, माझ्या बाबांना माहीत. मला कुणी विचारलं? बिल्कुल पागल आहेस यार तू!” तिची बस आली, ती गेली. त्याच आठवड्यात कॉलेज सोडलं आणि भरती झालो.

पावणेदोन वर्षं झाली. अजून लंगरात जेवायला बसताना टेबलाला हात लागला तरी आधी लाकूड कुठलं ते कळतं, आणि लगेच ती आठवते.

४. त्या फळ्यांचं मी जोडलेलं कपाट दुकानामागे बिनदारांचं उभं आहे. दारं भाऊंनीच बसवावीत. चौकट माझ्या हातून काटकोनात बसलेली नाही; ते सांभाळून घेतील. कपाट कुमुदचं. पण तिच्या दारात नेऊन उतरवू नये. आधी चंद्रप्रभाने एकटीने जावं आणि वडिलांना नव्हे, कुमुदला विचारावं, हवं का? तिचं लग्न झालं असलं तरी विचारावं. नको म्हणाली तर वाद न घालता परत यावं.

५. मी परत आलो तर हे सगळं रद्द. भाऊ, तेव्हा तुम्ही घरीच थांबा. विचारायला मी जाईन.

सही: गुणवंत शहाजी पांचाळ

आमच्यासमोर सही केली:
१. नाईक दिनकर मोहिते
२. शिपाई बाळ शेलार

दिल्ली कॅन्टोन्मेंट, १९ नोव्हेंबर १९७१