पहिल्या खुर्चीचा उमेदवार

२ तारीख. सकाळी ७.
ऑर्केस्ट्रातला पहिला क्लॅरिनेटवाला एकदाचा रिटायर झाला. एकोणीस वर्षं शेजारच्या दुसऱ्या खुर्चीवर बसून त्याच्या चुका पोटात घातल्या. आता ती खुर्ची माझी. ऑडिशन म्हणजे निव्वळ फॉर्मॅलिटी. तरी आजपासून रोज चार तास प्रॅक्टिस.

४ तारीख.
प्रॅक्टिस झाली नाही. क्लॅरिनेटच्या तोंडाची वेताची रीड खराब. बोटभर पट्टीवर माणसाचं करिअर टांगणाऱ्याच्या अकलेची कमाल आहे.

७ तारीख.
शिष्येनेही अर्ज केलाय. अकरा वर्षं माझ्या हाताखाली शिकली, आता शाळेत संगीत शिकवते. सर, तुमची हरकत नाही ना, विचारत होती. म्हटलं, कसली हरकत, अनुभव येईल. बिचारी.

९ तारीख. दुपारी.
नोटीस लागली. ऑडिशन पडद्यामागून. नाव नाही, फक्त नंबर. तोंडातून शब्द काढायचा नाही. चाल ओळखू येऊ नये म्हणून स्टेजवर गालिचा. म्हणजे कंडक्टरला मी कोण ते कळणारच नाही. एकोणीस वर्षांची ओळख पाण्यात. बायको म्हणाली, बरंच आहे की, नुसतं वाजवा. तिला यातलं ओ की ठो कळत नाही.

१२ तारीख.
तोडगा सापडला. माझा खोकला. दोन छोटे, एक लांब. रिहर्सलमध्ये तो ऐकला की कंडक्टर हमखास हात थांबवून माझ्याकडे बघतात. आपुलकी, दुसरं काय. आज बाथरूममध्ये चाळीस मिनिटं खोकून पाहिलं. बायकोने दार वाजवून विचारलं, डॉक्टरांकडे जायचं का.

१५ तारीख. ऑडिशन.
नंबर चार. बघायला कोणीच नाही म्हटल्यावर नुसतं वाजवत गेलो. पहिली फेरी पार, दुसरीही पार. शेवटच्या फेरीत दोघंच उरलो. म्हटलं, उगाच रिस्क कशाला. वाजवण्याआधी खोकलो. पलीकडे एकदम शांतता. ओळखलं त्यांनी. घरी फोन करून सांगितलं, काम फत्ते.

१६ तारीख.
कंडक्टरांनी खोलीत बोलावून दार लावलं. म्हणाले, पहिल्या दोन्ही फेऱ्यांत सगळ्यात जास्त मार्क चार नंबरला. हा कोण, यावर आम्हा पाच परीक्षकांत वाद. बाहेरगावच्या तिघांची नावं निघाली, तुमचं कोणाच्या डोक्यातही आलं नाही. मग तुम्ही खोकलात. ओळख दिली की उमेदवार बाद, नियमच आहे. खुर्ची तुमच्या शिष्येला.
घसा कोरडा पडला होता, म्हणालो. त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे केला. पिऊन आलो.

१८ तारीख.
नव्या व्यवस्थेची पहिली रिहर्सल. शिष्या उभीच. सर, तुम्ही बसा ना इथे, मला कसंतरीच होतंय, म्हणाली. म्हटलं, बस गं. चांगली वाजवते. मला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं.
घरी आल्यावर बायकोला सांगून टाकलं, खरं तर पहिला मीच आलो होतो. तिने विचारलं, मग आज बसलात कुठे.
नेहमीच्याच जागी, म्हणालो.