पुढेही नाही, मागेही नाही

प्रति,
मा. मुख्य अधिकारी,
वाहन तपासणी कार्यालय, दुसरा मजला.

विषय: इंजिन असलेल्या गाडीस इंजिन असल्याची नोंद मिळणेबाबत.

संदर्भ: १) आपल्या कार्यालयाचा तपासणी अहवाल, ज्यात इंजिन नाही.
२) त्याच दिवशीची आवाजाबद्दलची नोटीस, ज्यात ते आहे.

महोदय,

वरील विषयास अनुसरून अर्ज करते की, सदर वाहन माझ्या पतीच्या मालकीचे आहे. माझ्या नावावर नाही आणि माझ्या आवडीचेही नाही. तरीही अर्ज मी करते आहे, कारण पतींच्या यापूर्वीच्या अर्जांत विनंती कमी आणि कार्बोरेटरची माहिती जास्त होती. शेवटच्या खेपेस तीच माहिती त्यांनी आपल्या खिडकीशी इतक्या मोठ्याने दिली की, "वहिनी, पुढच्या वेळी तुम्हीच या," असे आपल्या शिपायांनी मला फोन करून सुचवले. मी लाकडाच्या वखारीत हिशेब लिहिते. आलेला माल आला आणि गेलेला गेला, एवढेच लिहायची मला सवय आहे. त्यामुळे आपले दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचताना मला फार त्रास झाला.

१. वाहन इटालियन बनावटीची जुनी, दोन आसनी स्पोर्ट्स कार आहे. ती आमच्या लग्नाआधीपासून घरात आहे. तिचे भाग परदेशातून टपालाने येतात. डावा मागवला की उजवा येतो. पुढचे दिवे बटण दाबल्यावर बॉनेटमधून वर येतात, म्हणजे एक येतो आणि दुसरा विचार करतो. इंजिनाच्या आतला पट्टा बदलायचा तर ते अख्खे उतरवावे लागते. असे उतरवलेले इंजिन एक पूर्ण हिवाळा माझ्या जेवणाच्या टेबलावर होते आणि आम्ही ताटे मांडीवर घेऊन जेवत होतो. टेबलाचा एक पाय अजून वाकडा आहे. तेव्हा ते इंजिन नाही असे निदान मला तरी कुणी सांगू नये.

२. गाडी आमच्या तळमजल्यावरील खोलीत उभी असते. त्याच खोलीला लागून न्हाणीघर आहे. माझ्या सासूबाई वरच्या मजल्यावर राहतात. मध्यंतरी त्या जिन्यात पडल्या, कमरेचे हाड मोडले, आणि डॉक्टरांनी जिना कायमचा बंद केला. तेव्हापासून त्या वर अडकल्या आहेत. त्यांना एकदाच उचलून खाली आणायचे आणि ती खोली द्यायची, तर गाडी हलवणे भाग आहे. माझे पती घरातली खुर्ची सरकवायची झाली तरी आठवडाभर तोंड पाडून बसणारे गृहस्थ. पण ते आईच्या खोलीत जाऊन आले आणि म्हणाले, "गाडी मित्राच्या शेडमध्ये ठेवतो." मी पुन्हा विचारले नाही. चांगला भाव मिळाला की वखारीत कुणी पुन्हा विचारत नाही.

३. शेड गावाच्या दुसऱ्या टोकाला असल्याने गाडी रस्त्यावरून नेण्यासाठी आपला दाखला लागतो. त्यानुसार आपले निरीक्षक घरी आले. ते अत्यंत सभ्य गृहस्थ आहेत, हे मुद्दाम नमूद करते. त्यांनी पुढचे झाकण उघडले. तिथे जादा चाक होते. मागचे उघडले; तिथे बॅग ठेवायची जागा होती. या गाडीचे इंजिन पुढेही नसते आणि अगदी मागेही नसते. ते मध्ये, आसनांच्या पाठीशी असते व त्याला स्वतंत्र झाकण आहे. पतींनी ते उघडून दाखवले. निरीक्षकांनी वाकून पाहिले, हातही लावला, हात पुसायला माझ्याकडे फडके मागितले, आणि म्हणाले, "साहेब, मला दिसतंय हो. पण लिहू कुठे?" छापील नमुन्यात 'पुढे' आणि 'मागे' असे दोनच रकाने आहेत. दोन्हींत त्यांनी 'नाही' लिहिले आणि खाली एकूण: 'इंजिन नाही.'

४. मग त्यांनी आवाजाचा छापील नमुना काढला. गाडी सुरू करायला सांगितली. ती पहिल्या झटक्यात सुरू झाली, हे तिच्या बाबतीत क्वचित घडते. वर सासूबाईंच्या खिडकीची काच थरथरली. आवाजाच्या नमुन्यात इंजिन कुठे आहे हे विचारलेले नाही, त्यामुळे तो सुरळीत भरला गेला: 'इंजिनाचा आवाज मर्यादेबाहेर, तो कमी करून घ्यावा.' त्याच खुर्चीवर, त्याच पेनाने. नंतर बिनइंजिनाचे वाहन जागचे हलवू नये म्हणून दोन्ही दारांना व स्टिअरिंगला सील लावले, चहा घेतला आणि ते गेले.

५. गाडी टोचन करून, म्हणजे दुसऱ्या वाहनाला बांधून ओढत, नेण्याची परवानगी मागितली असता, बिनइंजिनाची गाडी टोचन करून फक्त भंगाराच्या आवारात नेता येते, असे आपल्याच तिसऱ्या खिडकीवर सांगण्यात आले. हे घरी सांगितल्यावर पती बराच वेळ गाडीच्या टपावर हात ठेवून उभे राहिले आणि म्हणाले, "जाऊ दे भंगारात. आईला खोली मिळेल." खरे सांगते, मला क्षणभर बरे वाटले. पण आमच्या घरात खालचे वर ऐकू जाते. सासूबाई वरूनच म्हणाल्या, "त्याला म्हणावं, ती भंगारात गेली तर मी खाली येणार नाही. मी काय तिच्या जागेवर झोपू?" आता मुलगा आईसमोर गाडीचे नाव काढत नाही आणि आई खाली येण्याचे नाव काढत नाही. दोघांची समजूत घालत जिन्यावरून वरखाली मी एकटीच करते.

६. तरी विनंती की, नमुन्यात 'पुढे' आणि 'मागे' यांच्या दरम्यान हाताने एक रेघ मारून 'मध्ये' असा रकाना करावा व त्यात 'आहे' लिहावे. जागा पुरेशी आहे, मी पट्टीने पाहिली. तसे करता येत नसल्यास, नसलेल्या इंजिनाचा आवाज कमी कसा करावा, याबद्दल लेखी मार्गदर्शन व्हावे.

७. पुरावा म्हणून सदर इंजिनाचा एक स्पार्क प्लग सोबत जोडला आहे. पती वर आईला भरवत असताना तो मी स्वतः काढला. यात सीलचा भंग झालेला नाही: मधल्या झाकणाला सील नाही, कारण ते झाकण आपल्या कागदावरच नाही. कार्यालयास हा पुरावा अपुरा वाटल्यास उरलेले पाच प्लग, तिन्ही कार्बोरेटर व पुढील भाग क्रमाक्रमाने आणून देईन. ठेवायला मजबूत टेबल लागेल.

मात्र निर्णय रविवारच्या आत व्हावा. माझे पती दर रविवारी प्लग काढून पुसतात व मोजतात. एक कमी आहे हे त्यांना अद्याप ठाऊक नाही. गाडीत इंजिन नाही हे त्यांनी कसेबसे सहन केले आहे. ते बायकोने काढले हे सहन होणार नाही.

कळावे, दोन मजल्यांच्या मध्ये असलेली,

(सही)
वाहनमालकाची पत्नी
दिनांक: आजचा, शुक्रवार

सोबत: १) परस्परविरोधी कागद, दोन.
२) स्पार्क प्लग, एक, रुमालात गुंडाळलेला. परत करावा. रुमालही.