पन्नासातलं एक कार्ड

१२ डिसेंबर १९९९
पुन्हा एकोणपन्नास! तीनदा मोजली. काल पन्नास कापली होती, हे पक्कं. शेवटच्या कार्डावर दाब कमी पडला, जास्वंदीची पाकळी नखानं सोडवावी लागली.

उद्यमनगरच्या आकारामनं पोलादी पाती वाकवून कागद कापायचा हा साचा, ही डाय, करून दिली. यातलं एकही कार्ड अजून बाजारात गेलेलं नाही. दिवाळीत कंदिलाचंही एक असंच गेलं. खोलीत मी, आणि चिकटवायला येणारी शेजारची स्वप्नाली. तिचा भाऊ महाद्वार रोडला कार्डांच्याच दुकानात आहे. माझा नमुना तिकडं जात असणार – दुसरं काय?

१५ डिसेंबर
जाताना ती पिशवी पदराखाली धरते. आधीही धरायची का? आठवत नाही.

१८ डिसेंबर
मोरातलं एक गेलं. म्हटलं, "पिशवी दाखव." तिनं पिशवी उलटीच केली. शेवग्याच्या शेंगा, लेकीचं औषध.
"सुष्मितावैनी, दोन वर्षं तुमच्यात बसतोय की वो मी! हेच वळखलं व्हय?"
गेली. पकडलं की असंच बोलतात.

२६ डिसेंबर
स्वप्नाली आठ दिवस फिरकली नाही – आणि आज बदामातलं एक कमी!

राहिले घरातले दोघं. अप्पा, म्हणजे सासरे, या कामाला 'कागदं फाडायचा धंदा' म्हणतात. त्यांचा प्रश्नच नाही. मग हे? बदाम कुणाला दिला यांनी? शर्टांचे खिसे चाचपले. मागून यांचा आवाज, "काय शोधतीस?"
"रुमाल," म्हटलं.

४ जानेवारी २०००
अप्पा लग्नाला कागलला गेलेत. पोस्टमन दारात. "अप्पांचं परत आलंय. दर टायमाला पोस्टात येऊन घेत्यात, आज दिसलं न्हाईत."

पत्ता अप्पांच्या अक्षरात – सौंदर्या, इचलकरंजी. माझी नणंद! यंत्रमागावरच्या, परजातीतल्या मुलाशी लग्न केलं म्हणून दहा वर्षांपूर्वी अप्पांनीच तिला बाहेर काढलं. तेव्हापासून या घरात तिचं नाव घ्यायचं नाही. पाकिटावर शेरा – 'घेण्यास नकार'. आत माझा बदाम. कोरा.

५ जानेवारी
पाकीट अप्पांच्या हातात ठेवलं. मग त्यांनी ट्रंक उघडली. कंदील, जास्वंद, मोर – सगळी परत आलेली.
"काय लिवू? सुचत न्हाय, पोरी. तुझी कागदं तेवढी चांगली दिसत्यात."
आणि मी चोर कुणाला म्हटलं!

६ जानेवारी
स्वप्नालीच्या दारात उभी राहिले. माफी मागितली, सगळं सांगितलं. आत ये म्हणाली नाही. मग म्हणाली, "पत्ता मी लिवून देतो. बापाचं अक्षर बघूनच परत धाडत असंल ती."
लिहिला. पाकीट माझ्या हातात देऊन म्हणाली, "कामाला मात्र येणार न्हाय, वैनी."


घरी येऊन नवं कार्ड अप्पांना दिलं. पाठ करून बसले, एकच शब्द लिहिला. मला दाखवला नाही. चिकटवलं स्वतःच.

२९ जानेवारी
पाकीट परत आलं नाही. अप्पा पोस्टातून रिकाम्या हातानं आले, आणि दोनदा चहा मागितला.